आधी कोणी बोलायचं

सोमवारी सकाळी साडेदहाला हेडसरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो: हेडसर, आठवी 'ब'चा वर्गशिक्षक म्हणून मी, पूजा आणि तिचे वडील. टेबलावर दाखल्याचा अर्ज होता. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र. तो निघाला की मूल पटावरून कमी. पूजा दुसऱ्या शाळेत जाणार नव्हती. वडील सरळच म्हणाले, "आता बाजारात बसन मायसोबत."

"पण काऊन?" हेडसरांनी विचारलं.

"तिले इचारा. नाही तं या सरायले इचारा."

विचारायची गरज नव्हती. पूजाची आई मलकापूरच्या बाजारात भाजी विकते. सुटीच्या दिवशी पूजाही बसते. वर्गातल्या पोरांनी तिला तिथे पाहिलं. तेव्हापासून हजेरीत मी तिचा नंबर, सव्वीस, पुकारला की मागच्या बाकावरून तेजस विचारायचा, "मेथी कशी देली, बाई?" वर्ग हसायचा.

एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, मुलांनी स्वतःचे अनुभव सांगितले की त्यांना एकमेकांचं दुःख कळतं. म्हणून शुक्रवारी मी पूजालाच उभं केलं. "सांग, बाजारात दिवस कसा जातो?" ती चार मिनिटं उभी होती. एक शब्द बोलली नाही. मागे खुसखुस झाली. शनिवारी ती आलीच नाही.

चूक माझी होती. तसं मी केबिनमध्ये सांगितलं आणि वडिलांकडे शुक्रवारपर्यंतची मुदत मागितली.

"तेवढ्यात काय होते, सर?"

"नाही झालं तर दाखला मी स्वतः घरी आणून देतो." वडील पूजाला वर्गात सोडून गेले.

त्याच दिवशी गणिताच्या तासाला मी पुस्तक उघडलं नाही. माझी गोष्ट सांगितली. माझे वडील एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात वेटर होते. दहावीत असताना तीन मित्र मला तिथेच चहाला घेऊन गेले. मी मान खाली घातली. वडिलांनी फडक्यानं टेबल पुसलं आणि मलाच विचारलं, "काय आणू, साहेब?" मी म्हणालो, "चार चहा."

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"दोस्तायले समजलं नाही?" तेजसनं विचारलं.

"नाही."

"मंग घरी बाबानं हाणलं असन."

"नाही. म्हणाले, चहा बरा होता का?"

पूजानं मान वर केली. "मंग तुम्ही माफी मागतली, सर?"

"नाही. आता ते नाहीत."

कोणी रडलं वगैरे नाही. घंटा झाली, पोरं डब्यांकडे पळाली. मंगळवारी सव्वीस नंबर पुकारून मी थांबलो. मागून काही आलं नाही. "हजर, सर," पूजा म्हणाली.

बुधवारी मी पालकसभेची चिठ्ठी वाटत होतो. तेजस उठला. "सर, मी ही चिठ्ठी आईले दाखवतच नाही. तिले सही नाही येत."

पूजा म्हणाली, "माह्या मायलेबी नाही येत. अंगठा चालते ना, सर?"

"चालतो," मी म्हणालो.

शुक्रवारी वडील आले. "राहू द्या, सर. पोरगी आज मी उठाच्या आधी दप्तर भरून बसली." हेडसरांनी अर्जावर 'मागे घेतला' असं लिहून त्यांची सही घेतली. पट बेचाळीसच राहिला.

वर्गात मन मोकळं करायचं असेल तर आधी शिक्षकानं स्वतःचं करावं. ज्याला लागलंय त्याला उभं करू नये. हे कळायला मला बावीस वर्षं नोकरी करावी लागली.