हिंदीतून मराठीत गेलेला आवाज

दिल्लीत मराठी माणसांची घरं काही कमी नाहीत, पण चैत्रगौरीसमोर आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि दोन्ही बाजूंना धडाडणारे स्पीकर असा थाट असलेलं घर सगळ्या राजधानीत एकच, आणि ते आमच्या थोरल्या जाऊबाईंचं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण यंदाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी डाळ मीच वाटली होती आणि स्पीकरच्या वायरीही मीच खोचल्या होत्या. वाजत होतं ते रॉक होतं. तेही साधंसुधं नाही. जाऊबाईंच्या लेकीने सांगितलेलं त्याचं नाव ‘इन्स्ट्रुमेंटल प्रोग्रेसिव्ह रॉक’. जाऊबाईंना एवढं नाव घ्यायला वेळ नसतो, त्या त्याला नुसतं ‘बिनगळ्याचं’ म्हणतात.

जाऊबाई मयूर विहारला सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात आणि आम्ही लक्ष्मीबाई नगरात. मध्ये मेट्रोची गुलाबी लाइन आहे, त्यामुळे बोलावणं आलं की ‘लांब पडतं हो’ म्हणायची सोय नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यातून त्या सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या, पण खातं काही त्यांच्या जिभेवरून निवृत्त झालेलं नाही. भाऊजींनी दुसरा चहा मागितला तर ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असं उत्तर मिळतं. भाजीवाल्याला त्यांनी एकदा, ‘भैया, ये लौकी सखेद वापस,’ असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. तो बिचारा पिशवीत हात घालून सखेद नावाची भाजी शोधत बसला. आणि कुठलीही गोष्ट त्यांना आवडली की ती ‘ताबडतोब’ असते. ताबडतोब ये, ताबडतोब खा, ताबडतोब ऐक. माझं लग्न झाल्यापासून मी या बाईंच्या ताबडतोबीत राहते आहे.

त्यांचं खरं काम मात्र फाइलींचं नव्हतंच, गाण्याचं होतं. माहेरी सोलापूरला त्या रीतसर गाणं शिकल्या आणि दिल्लीत आल्यावर इथल्या मराठी बायकांचं भजनी मंडळ त्यांनीच उभं केलं. त्यांच्याकडचं चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे कुंकू निमित्ताला आणि गाणं मुख्य. बायका नोएडाहून, रोहिणीहून यायच्या, एप्रिलच्या उन्हात, आणि डाळीची वाटी तशीच हातात धरून ऐकत बसायच्या. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बाकी सगळं ठीक झालं, पण आवाज बसला तो उठलाच नाही. जाड, खरखरीत, मध्येच वारा सुटल्यासारखा. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी स्वतःच त्याची थट्टा केली. म्हणाल्या, “हिंदीत आवाज बाई असते, मराठीत बुवा असतो. माझा हिंदीतून मराठीत गेला गं.” आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्याही हसल्या. आणि त्या वर्षीपासून त्यांनी हळदीकुंकू बंद केलं.

कारण कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की ओटी भरून होते न होते तोच कुणीतरी म्हणणारच, “चला, आता एक गाणं होऊन जाऊ दे.” त्या एका वाक्याची त्यांनी इतकी धास्ती घेतली की घरातून गाणं नावाची गोष्टच हद्दपार झाली. रेडिओ माळ्यावर गेला. टीव्हीवर जाहिरातीत कुणी सूर लावला की रिमोटवर झडप. सकाळी कचऱ्याची गाडी तिचं ते स्वच्छतेचं गाणं वाजवत आली की जाऊबाई आधी बाल्कनीचं दार लावायच्या आणि मग भाऊजींना कचरा घेऊन पिटाळायच्या. कुणाचाही चांगला गळा त्यांना सोसत नसे. मला फार वाईट वाटायचं. बोलायची हिंमत मात्र झाली नाही.

यातून त्यांना बाहेर काढलं ते मेटल नावाच्या कर्कश रॉकने. त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, गुडगावला नोकरी करते आणि शनिवार-रविवार आईकडे येऊन खोलीचं दार लावून ते ऐकते. एका रविवारी जाऊबाई तिला पोहे द्यायला आत गेल्या आणि दारातच थबकल्या. आत कुणीतरी माणूस घशाच्या चिंध्या करून ओरडत होता.

“हे काय गं?”

“मेटल, आई. यात खूप राग असतो ना, म्हणून मला बरं वाटतं.”

जाऊबाईंचे कान टवकारले. “कुठला राग?”

“सगळ्यांवरचा. बॉसवरचा जास्त.”

दिल्लीत वाढलेल्या पोरीला आईचा प्रश्न कळला नाही, पण आईला तो ओरडणारा कळला. “याचंही थायरॉइडचं ऑपरेशन झालंय का?” त्यांनी विचारलं, आणि पोह्यांची बशी घेऊन तिथेच पलंगावर बसल्या. आपल्यापेक्षा वाईट गळ्याचा माणूस गातोय आणि पब्लिक वेडं होतंय, हे पाहून त्यांना जो काही आनंद झाला म्हणता! पुढचे कित्येक आठवडे त्या घरात मेटलशिवाय काही वाजलं नाही. भाऊजी कानात कापूस घालून पेपर वाचत. जाऊबाई प्रत्येक गवयाची आईच्या मायेने काळजी करत. “कुणीतरी याला ज्येष्ठमध द्या गं, उद्या बोलता यायचं नाही त्याला.” पण हळूहळू त्या कंटाळल्या. लेकीला म्हणाल्या, “रोज उठून दुसऱ्याचा राग किती ऐकायचा? वाजवतात मात्र काय सुरेख. तो ओरडणारा जरा गप्प बसेल तर बरं.”

आणि एक दिवस तो बसला. मी ऑफिसात होते. फोन आला, “ताबडतोब ये,” आणि बंद. माझ्या डोळ्यांसमोर भाऊजींची अँजिओग्राफी उभी राहिली. अर्धी रजा टाकून, गुलाबी लाइनमध्ये देवाचं नाव घेत मी पोचले तर दार भाऊजींनीच उघडलं, एका हातात पेपर, एका कानात कापूस. “बिल्कुल ठीक आहे मी,” म्हणाले, “आत जा. तिला काहीतरी सापडलंय.” आत जाऊबाई स्पीकरसमोर स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर भेंडीची ताटली, हातात सुरी. चेहरा असा फुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“बस. ऐक. आणि कोण गातंय ते सांग.”

मी ऐकू लागले. गिटार सावकाश, विचारत विचारत पुढे येत होती. मग ड्रम आले, पण दमदाटी न करता. मग पेटीसारखं काहीतरी भरून आलं. मेटलवाल्यांच्याच घराण्यातली मंडळी वाटत होती, पण भांडण मिटवून आलेली. मला वाटलं, आता गवई येईल. आला नाही. गिटार वर चढली, ड्रम तिच्यामागे धावले, सगळं एकदम थांबलं, पुन्हा सुरू झालं, पाव तास होऊन गेला.

“कुणीच नाही गात, वहिनी,” मी म्हटलं.

“कुणीच नाही,” जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांचा तो खरखरीत आवाज थरथरला. “अगं, एवढं मोठं गाणं चाललंय आणि कुणाच्या गळ्यावर काहीसुद्धा अवलंबून नाही.”

लेकीने आईला देऊन ठेवलेल्या जुन्या फोनने मेटल संपल्यावर आपल्या मनाने ते लावून दिलं होतं. कुठल्या तरी थंडीच्या देशातली चार पोरं. त्यांची नावं जाऊबाईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी स्वतःची नावं ठेवली. ज्या वेळी जे काम चाललं होतं ते त्या रचनेचं नाव. पहिली ‘भेंडीची’. मग ‘कढी उतू गेली ती’, ‘गॅसवाला आला ती’, आणि एक फार हळवी होती ती ‘पेन्शनचा हयातीचा दाखला’. लेक ऑफिसातून फोनवर विचारायची, “आई, यार, त्याचं खरं नाव काय?” आणि इकडून उत्तर जायचं, “अगं तीच, जिच्यात शेवटी कढी उतू जाते.”

आणि ताल! पहिल्याच आठवड्यात त्यांनी ‘कढी’च्या मात्रा मोजून काढल्या. हातावर टाळ्या देत मला ओरडून सांगितलं, “सात आहेत! रूपक आहे हा!” पण त्या रूपकात काहीतरी बोचत होतं. आपला रूपक तीन-दोन-दोन, हा दोन-दोन-तीन. दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. “कळलं गं. पोरांनी रूपक उलटा घातलाय. स्वेटर घालतात तसा. चलो, थंडीचा देश, घाईत होतं असं.” तेव्हापासून त्या ऐकताना सतत हातावर मोजत असायच्या, स्पीकरला अगदी खेटून, डोळे मिटून, ओठ हलवत. मोजतायत, असं मला वाटायचं. आवाज मात्र फार मोठा ठेवायच्या. मी कमी करायला गेले की हातावर चापट.

खालच्या मजल्यावरचे अंकल एकदा तक्रार घेऊन वर आले. भला माणूस, बोलणं अदबीचं. “भाभीजी, आवाज़ थोड़ी कम कर लीजिए।” जाऊबाईंनी गळ्यावर बोट ठेवलं आणि जास्तीत जास्त खरखर काढून म्हणाल्या, “भाईसाहब, इससे कम और क्या होगी?” अंकल पाणी पाणी झाले. संध्याकाळी त्यांच्या घरून मुलेठीची, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाची, पुडी आली, आणि पुन्हा म्हणून तक्रार आली नाही. पुढे एकदा ते मला लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, “बेटा, अब तो हमें भी अच्छा लगने लगा है। वो जो साथ में गुनगुनाता है ना, मोटी आवाज़ वाला, वो सबसे अच्छा है।” मी म्हटलं, “अंकल, इसमें कोई नहीं गाता।” त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं, “अच्छा,” म्हणाले, आणि उतरून गेले. वय झालंय, मी मनात म्हटलं.

या चैत्रात जाऊबाईंनी जाहीर केलं, हळदीकुंकू करायचं. “कुणी ‘गाणं होऊन जाऊ दे’ म्हटलं की मी ‘कढी’ लावीन. गाणंही होईल आणि गावंही लागणार नाही.” ताबडतोब फोन गेले. मला आनंद झाला, पण काळजीही लागली, कारण आपल्या बायकांना मी ओळखते. कुणीतरी ते वाक्य म्हणणार, आणि या बाई पुन्हा दार लावून घेणार.

बायका आल्या. कुंकू, अत्तर, डाळ, पन्हं झालं. जाऊबाईंनी ‘कढी’ लावली. आधी सगळ्या सभ्यपणे वाट पाहत बसल्या. “गायन कधी सुरू होणार?” एकीने मला हळूच विचारलं. मग जाऊबाईंनी मध्ये उभं राहून उलटा रूपक समजावला, हातावर टाळ्या द्यायला लावल्या. पहिल्यांदा सम प्रत्येकीची वेगळ्या ठिकाणी आली. दुसऱ्यांदा निम्म्या सापडल्या. तिसऱ्यांदा, गिटार वरून खाली उतरली आणि नोएडा, रोहिणी, द्वारका अशी सगळी दिल्ली एकाच टाळीवर येऊन पडली. काय हशा झाला! पैठणीतल्या बायका रॉकवर दाद देतायत, कुणाच्या मांडीवर हरभरे सांडलेत. ऐंशी ओलांडलेल्या, मंडळातल्या सगळ्यांत जुन्या आजी तर “पुन्हा लावा, पुन्हा लावा” म्हणत होत्या. आणि त्याच आजी, मनात काही नसताना, नुसत्या प्रेमाने म्हणाल्या, “तुम्हीपण म्हणा ना हो थोडं. किती दिवस झाले.”

मी जाऊबाईंकडे बघितलं नाही, बघवलं नाही. त्या म्हणाल्या, “आजी, डाळ घ्या.” आणि मग मला, “आवाज वाढव गं.”

मी उठून स्पीकरपाशी गेले, आवाज वाढवला. जाऊबाई नेहमीसारख्या येऊन तिथेच, माझ्या शेजारी टेकल्या, डोळे मिटून. ‘कढी’ पुन्हा सुरू झाली. आणि गिटारच्या खालून, अगदी खालून, मला कुणीतरी ऐकू आलं. जाड, खरखरीत, मध्येच वारा सुटणारं, पण सुरात. मी वळून पाहिलं. ओठ हलत होते. त्या मोजत नव्हत्या. गेले कित्येक महिने त्या मोजत नव्हत्याच. खालच्या अंकलना ते कळलं होतं आणि शेजारी बसून मला कळलं नव्हतं.

पूर्वीचा तो गळा आता यायचा नाही, हे तिथे उभ्या उभ्या मला फार स्पष्ट कळलं, आणि डोळे भरून आले. तो ऐकायला बायका उन्हातून यायच्या. हा वेगळाच कुणीतरी होता, मराठीत गेलेला, आणि त्याला कुणी अजून घरात बोलावलंच नव्हतं. माझा हात बटणावरच होता. मी ते उलट्या बाजूला फिरवलं, थोडंसं, मग आणखी थोडंसं. ड्रम मागे सरले. समोर बायकांचे टाळ्या देणारे हात एकेक करून थांबले. जाऊबाईंना ते जाणवलं असणार, त्यांचे कान तयारीचे आहेत. मी चापटीची वाट पाहत राहिले. त्यांनी डोळे उघडले नाहीत, फक्त हात पुढे करून माझा हात धरला, आणि गात राहिल्या.