माहेरचा मडगार्ड

जर्मनमामा जुन्या गाडीला पाना लावण्याआधी तिची सोयरिकीला आलेल्या मुलीसारखी चौकशी करायचे. कापूरहोळला भोर फाट्याजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. गाडी दारात आली की ते तिच्याभोवती सावकाश फिरत, मग समोर उकिडवे बसत आणि तिच्या तोंडाकडे बघत राहत. "कुठली गं तू? कवाची? कुणाकुणाच्या घरी नांदून आलीस?" असं खरोखर मोठ्याने विचारत. शेजारच्या टपरीतून बबन चहावाला ओरडायचा, "मामा, पोरगी पसंत पडली का? टाकू का पोहे?" मामा मान न वळवता म्हणायचे, "गप. आत्ताशी कुठं बोलाया लागलीय ती."

मी वेल्ह्याकडच्या एका वाडीतली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. भोरला खोली घेऊन राहते, आणि शनिवारी घरी निघाले की कापूरहोळला गाडी बदलावी लागते. एकदा एसटीची वाट बघत मी त्यांच्या दारातल्या जुन्या टायरवर टेकले. वाटलं, आता उठवतील. पण त्यांनी माझीही तीच चौकशी केली. "कुणाची तू? मामाचं गाव कंचं?" मी सांगितलं. "मंग बस निवांत. मामाचं गाव ठावं असलेलं मानूस चुकत न्हाई कुठं." तेव्हापासून ते माझेही मामा झाले. तसे ते सगळ्या रस्त्याचेच मामा होते. कारण विचारलं तर म्हणायचे, "म्या गाड्यांच्या माहेरचा मानूस हाय. माहेरच्या मानसाला मामाच म्हनायचं की."

त्यांचा जीव होता जुन्या जर्मन गाड्यांवर, त्यातही बीटलवर. आमच्याकडे तिला सगळे कासव म्हणतात. पाठ गोल, इंजिन मागे आणि डिकी पुढे. कारखान्यातून गाडीसोबत आलेली वस्तू ती माहेरची आणि नंतर इथे कुणी बसवलेली ती सासरची, अशी मामांची सरळ विभागणी होती. काचेच्या कोपऱ्यातला अस्पष्ट शिक्का, बोल्टच्या डोक्यावरची बारीक अक्षरं, मागच्या सीटखाली पत्र्यावर ठोकलेला नंबर, हे सगळं ते बोटाने चाचपून बघायचे. "सासरचं वाईट असं म्या म्हनत न्हाई," ते मला समजावत, "पन कंचं कुठलं ते ठावं पायजे. न्हाईतर गाडीच इसरून जाती आपुन कोन ते."

हळूहळू मलाही दिसायला लागलं. मागची काच लहान आणि अंडाकृती असली तर ती थोरल्या पिढीतली. काच रुंद झाली की धाकटी. जुनीचे दिवे मागे कललेले, म्हणजे अर्धवट झोपेत कुणीतरी बघतंय असे. नंतरचीचे दिवे उभे, टक्क जागे. फार जुनी असली तर वळताना दिवा लागत नाही, दाराशेजारच्या खांबातून एक पिवळा हात बाहेर येतो. मामांनी पहिल्यांदा तो हात मला दाखवला तेव्हा माझी एसटी समोरून निघून गेली आणि मला कळलंही नाही. त्या गॅरेजात दुपार वेगळीच असायची. हायवेवरून ट्रक धडधडत जात, पण आत आवाज जणू पाण्याखालून येई. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडत आणि गाड्या त्यात डोळे मिटून बसल्यासारख्या वाटत.

एकदा पुण्याहून एक गृहस्थ वडिलांची बीटल घेऊन आले. त्यांना एवढंच हवं होतं, की गाडी मुळापासून ओरिजिनल आहे असं मामांनी म्हणावं. मामांनी बराच वेळ लावला. मग हात पुसत म्हणाले, "साहेब, ह्या दोगी भनी हायेत. मागलं आंग थोरलीचं, तोंड धाकटीचं. कंदीतरी ठोकर बसली असंल, तवा जोडलंय."

गृहस्थांचा चेहरा उतरला. "वडील तर सांगायचे, एकही पार्ट बदललेला नाही."

"त्यांच्या हातात आली तवापासून नसंलच बदलला. आन दोगी भनी एका घरात इतकी वर्सं सुकानं नांदल्या, हे काय थोडं हाय व्हय?"

ते हसले. जाताना त्यांनी गाडीच्या टपावर हलकेच हात ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

गॅरेजच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली मामांची स्वतःची बीटल होती. तिला ते 'थोरली' म्हणत. एका डॉक्टरीणबाईंची ती गाडी. बाई म्हाताऱ्या झाल्यावर त्यांनी ती मामांनाच देऊन टाकली होती. मामांनी जन्मभर एकेक माहेरची वस्तू शोधून तिला परत केली होती. राहिला होता फक्त डावीकडचा पुढचा मडगार्ड. मामांच्या तरुणपणी, गाडी बाईंकडे असताना, तो घाटात चेमटला होता आणि मामांनीच साधा पत्रा ठोकून नवा घडवला होता. खऱ्या मडगार्डवर दिव्याखाली हॉर्नसाठी छोटी जाळी असते. ती तेव्हा त्यांनी केलीच नाही. "अडानी होतो. म्हनलं, भोकाचं काय काम?" एवढं सांगून ते ताडपत्री नीट करायला लागायचे. थोरली पुरी झाल्याशिवाय तिला किल्ली लावायची नाही, असं ते बोलून बसले होते. नवसासारखंच. त्यांच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. त्या डबा घेऊन आल्या की ताडपत्रीकडे बघून म्हणत, "आमच्या सवतीचा एक कान गेलाय, म्हनून आमी दोगीबी घरातच. कंदी बसायचं हिच्यात? सरणावर जाताना का?" मामा हसत, पण जेवताना त्यांचा घास रेंगाळे. मामींचे गुडघे गेले होते आणि मामांना दम लागायला लागला होता. वेळ फार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला ठकूआजी राहते. शेरडं पाळते. तिच्या गोठ्याशेजारी एक गोल पाठीची मोडकी गाडी आहे आणि थंडीत ती त्यात करडं कोंडते. लहानपणापासून मी ते बघत आले होते, आणि मला वाटायचं ते करडांचंच घर आहे. एका शनिवारी टायरवर बसल्याबसल्या अचानक मनात आलं, तिची मागची काच अंडाकृती आहे. मी चाचरत मामांना सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "दिवे कसे हायेत गं? कललेले का उभे?" मी डोळे मिटून आठवलं. "कललेले. झोपल्यासारखे." पुढच्या शनिवारी मामा पिशवीत पाना आणि रॉकेलची बाटली घेऊन माझ्याआधी एसटीत बसलेले होते.

वाडीची चढण ते थांबत थांबत चढले. गाडी दिसली तसे दूरच उभे राहिले. ठकूआजी म्हणाली, "माजा म्हातारा एका साहेबाच्या बंगल्यावर राखन करायचा. साहेबानं गाडी आनली आन वरसाच्या आत बिगाडली. म्हनला, घिऊन जा. बैलं जुपून वर आनली. तवापासनं हितंच हाय."

"कुनी दुरुस्तीला हात लावला का न्हाई?"

"कोन लावनार? हितं कोन येतंय?"

मामांनी नेहमीसारखी फेरी मारली, पण आज तिची चौकशी केली नाही. काचांचे कोपरे पुसून बघितले. मागचं झाकण उघडलं, तर इंजिनावर कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिला न उठवता बाजूने बोटं घालून चाचपलं. मागची सीट उचलून लेंड्या सारल्या आणि नंबर वाचला. शेवटी पुढे येऊन डाव्या मडगार्डसमोर मांडी घालून बसले. दिव्याखाली ती छोटी जाळी होती. गंजलेली, पण जागेवर.

"पायजे तर काडा की," ठकूआजी म्हणाली. "शेरडांना काय मडगारड लागतंय?"

मामांनी बोल्टवर रॉकेल सोडलं. पाना लावला. त्यांनी जोर लावण्यासाठी खांदा टेकवला आणि तसेच राहिले. मग पाना काढून पिशवीत ठेवला.

"का हो मामा? नाही का हा तो?"

"त्योच हाय." त्यांनी जाळीवरून बोट फिरवलं. "पोरी, हिला कुनी दुरुस्तच केली न्हाई, म्हनून वाचली. समदी माहेरची हाय ही. डोक्यापासनं पायापत्तूर. आसली पुरी गाडी म्या उभ्या जन्मात पयल्यांदा बगतूया. आता एकीचं माहेर मोडून दुसरीचं भरू व्हय?"

मग ते करडांमध्ये आत जाऊन बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. उन्हं डोंगराआड गेली. स्टिअरिंगवर हात ठेवून ते समोर बघत होते, आणि बाहेरून मला क्षणभर वाटलं, गाडी चालली आहे आणि डोंगरच सावकाश मागे सरकतायत. निघताना ते ठकूआजीला म्हणाले, "आजी, हिचा एक बोल्टबी कुनाला दिऊ नगा. म्या दरसाल येऊन बगून जाईन."

त्यानंतरच्या आठवड्यात मी कापूरहोळला उतरले तर बबन लांबूनच हात करत होता. "अगं, मामानं किल्ली लावली!" थोरली रस्त्याच्या कडेला उभी होती. तो पत्र्याचा, बिनजाळीचा मडगार्ड घासूनपुसून लख्ख केलेला. आत मामी नवं लुगडं नेसून बसलेल्या. मामा मला म्हणाले, "जलमभर सासरचा सासरचा करत व्हतो त्याला. पन माज्याच हातचा हाय की त्यो, माहेरच्या मानसाच्या." एवढंच. सारोळ्याच्या पुलापर्यंत जाऊन, नीरेचं पाणी बघून ते परत आले. मामी उतरल्या तेव्हा बबनने विचारलं, "कशी हाय सवत?" मामी लाजून म्हणाल्या, "लई हादरवती, पन गोड हाय."

पावसाळ्यात मामा गेले. मला दोन शनिवारांनी कळलं. गॅरेजचं दार बंद होतं. बबनने चहा दिला, मी तो हातात धरून बसले आणि एसटी आल्यावर तसाच ठेवून निघाले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा थंडी पडायला लागली होती. ठकूआजीकडे डोकावले तर गाडी आतून स्वच्छ झाडलेली, सीटवर धुतलेलं पोतं अंथरलेलं, दार लावलेलं. करडं मात्र बाहेर कुडाला बांधलेली, एकमेकांना चिकटून थरथरत होती.

"अगं, तुजा मामा कवा येनार?" ठकूआजीने विचारलं. "येवडा मोठा मानूस हिला बगाया येतू, त्याच्या म्होरं लेंड्या बऱ्या दिसत्यात का? चार दिस झालं बांदलीत बाहीर. रातभर वरडत्यात."

मामा पावसाळ्यातच गेले, हे मी तिला सांगितलं.

ती गाडीकडे वळली. पदराने नाक पुसलं, खाली वाकून एकेका करडाचं दावं सोडलं आणि दार उघडलं. "जावा रं आत," ती म्हणाली, "त्यो काय नगं म्हनला नसता."

करडं उड्या मारत आत गेली. एक थेट स्टिअरिंगमागे जाऊन उभं राहिलं. आम्ही दोघी बाहेर उभ्या होतो, आणि काचेवर आतून त्यांच्या श्वासाची वाफ धरायला लागली होती.