नवव्या प्रश्नावर थांबलेले पंधरा पेपर

भोईर सरांनी पंधरा पेपर टेबलावर ओळीने मांडले आणि मला म्हणाले, "बघा."

मी बघितलं. पेपरात सोळा प्रश्न होते. पंधराही बायका नवव्या प्रश्नावर थांबल्या होत्या. एकीने सात सोडवले, दुसरीने बारा, असं काही नाही. सगळ्यांचे नऊ.

"आता हा बघा."

तो बारकीआजींचा पेपर होता. पहिली तीन उत्तरं आजींच्या अक्षरात होती, मोठ्या आणि ओळीबाहेर जाणाऱ्या. चौथं उत्तर बारीक अक्षरात. सहावं तिरकं. आठवं आणि नववं इतकं सुबक की ते संगीताचं आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं.

"कॉपी," सर म्हणाले. "सामूहिक कॉपी. मॅडम, तुमच्या सेंटरला मी काय लिहू सांगा."

भोईर सर संस्थेच्या आमच्या तालुक्यातल्या केंद्रांचं काम बघतात. मी फॅसिलिटेटर आहे. म्हणजे शिकवणारी, पण स्वतःला शिक्षिका म्हणायचं नाही अशी आमच्या संस्थेची सूचना आहे. दिघाशीच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावर मी बायकांचा साक्षरता वर्ग घेते. आठवड्यातून चार दिवस, दुपारी तीन ते पाच, समाजमंदिरात. पहिला भाग संपला की परीक्षा होते. तिला एंडलाइन म्हणतात. सुरुवातीला होते ती बेसलाइन. दोन्हींमधल्या फरकाला आमच्याकडे प्रगती म्हणतात.

पंधरापैकी बारा बायका पास झाल्या तर केंद्राला दुसरा भाग मिळतो. नाही झाल्या तर केंद्र बंद करून दुसऱ्या गावाला देतात. यादीत गावं पुष्कळ आहेत.

दुसऱ्या भागाची सगळ्यात जास्त वाट संगीता बघत होती. पहिल्या भागात अक्षरं, शब्द, छोटी वाक्यं. दुसऱ्यात फॉर्म, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, मोबाइलवरचे मेसेज. संगीताची मुलगी चौथीत आहे. शाळेच्या ग्रुपवर आलेले मेसेज ती आईला वाचून दाखवायची, पण स्वतःविरुद्धचे गाळून. हे संगीताला एका पालकसभेत कळलं. तेव्हापासून ती वर्गाला एकदाही चुकली नव्हती.

एंडलाइनच्या वेळी आपल्या वर्गात आपण बसायचं नसतं. दुसऱ्या केंद्राचा माणूस येतो. तो माणूस दोन तास दारात मोबाइल बघत बसला होता, हे मला नंतर समजलं.

मी शाळेत असताना कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही. उत्तर येत असलं तरी नाही. सरांसमोरही मी साधारण "हो सर" एवढंच बोलते. त्या दिवशी मात्र ते लाल पेन उघडत होते.

"सर, कॉपी असती तर पास झाल्या असत्या."

पेन थांबलं.

"म्हणजे?"

"कॉपी करणारा स्वतःचा पेपर भरतो. इथे कोणीच स्वतःचा पूर्ण भरलेला नाही. आजींचा भरत बसल्या."

सरांनी पेपर पुन्हा पाहिले. ऑफिसच्या खाली मानकोली नाक्यावर दोन कंटेनर एकमेकांना हॉर्न देत होते.

"का पण?" त्यांनी विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "विचारून सांगते."

"उद्यापर्यंत. परवा मला ठाण्याच्या ऑफिसला पाठवायचंय."

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. बायका खुशीत होत्या. पेपर छान गेला असं त्यांचं मत होतं. संगीताने माझ्यासाठी काकडी कापून ठेवली होती. मी निकाल सांगितला.

"सगल्या नापास?" हिराने विचारलं. हिरा आमच्या वर्गात सगळ्यात हळू आवाजात बोलते. माझ्यापेक्षाही.

"नऊच प्रश्न केलेत सगळ्यांनी. पुढचे का नाही केले?"

"आजीचं नऊच झालं व्हतं ना," संगीता म्हणाली, जणू मी दिवसाढवळ्या सूर्य कुठे आहे असं विचारलं होतं.

"तुझं काय पण? तुला येत होते ना पुढचे?"

"मना सगलं येत व्हतं. सोळावा बी. पन मीच पुडं गेले आसते, तर उद्या हापशीवर माज्याशी कोन बोललं आसतं?"

बाकीच्या हसल्या. कुणी नाही म्हटलं नाही.

मग बारकीआजींनी मला समजावून सांगितलं. आजींचं वय आधारकार्डावर एक आहे आणि त्या सांगतात ते वेगळं आहे. दोन्ही साठच्या वर.

"बाय, तू भाताची लावनी कवा केलीस?"

"नाही केली, आजी."

"मंग तुला कसं कलंल. खाचरात आमी रांगेनं उभ्या ऱ्हातो. परत्येकीचं आपलं पात असतं." पात म्हणजे तिच्या वाट्याचा पट्टा. "रोप लावत लावत मागं सरकायचं. एक पुडं निघाली, एक मागं ऱ्हायली, की रांग मोडली. जी मागं ऱ्हाते तिच्या पातात बाजूच्या दोघी चार-चार रोपं लावतात. बोलायचं न्हाय. लावायचं नि सरकायचं."

"आणि परीक्षेत..."

"तसंच केलं. मी मागं ऱ्हायले. ह्यांनी लावलं."

संगीता म्हणाली, "आमी तर मॅडम, लई शिस्तीत केलं. आवाज बी न्हाय केला."

मी बाहेर जाऊन भोईर सरांना फोन केला. सरांचं घर जुनं, शेतकऱ्यांचं. त्यांच्या खाचरांवर आता गोदामं उभी आहेत, पण लहानपणी त्यांनी बांधावर बसून लावणी पाहिलेली होती. मी अर्धं सांगितलं तेवढ्यात ते हसायला लागले.

"अरे देवा. आमच्याकडं पण तसंच करायच्या. माझी आई ओरडायची, त्या ढिलीला घरी पाठवा म्हणून. सगळ्या एकदम काम बंद करायच्या." मग त्यांचा आवाज ऑफिसचा झाला. "पण मॅडम, हे मी रिपोर्टमध्ये नाही लिहू शकत. पेपर रद्द करतो. कारण देतो, सुपरव्हिजन बराबर नव्हतं. ते खरंच आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा घेऊ. मी स्वतः बसणार. एकाही पेपरवर दोघींची अक्षरं दिसली तर सेंटर गेलं."

माझ्याकडे सहा दिवस होते.

मी आधी सोपा उपाय केला. सरावाची परीक्षा ठेवली आणि बारकीआजींना सांगितलं, तुम्ही आज बसू नका, नुसत्या बघा. मला वाटलं, मागे पडणारी बाईच नसेल तर थांबणार कोणासाठी?

हिरासाठी थांबल्या. सगळ्या अकराव्या प्रश्नावर. आजी भिंतीला टेकून म्हणाल्या, "माज्यापेक्शा दोन जास्ती."

दुसऱ्या दिवशी मी भाषण केलं. परीक्षा ही प्रत्येकीची स्वतंत्र असते, तिथे मदत म्हणजे फसवणूक, वगैरे. मी हे वाक्य घरी लिहून पाठ केलं होतं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे मराठीत रागावायचं असेल तर मला तयारी लागते. बायकांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे आजीला मागं टाकून जायाचं," संगीताने सारांश काढला.

"तसं नाही..."

"तसंच झालं ना पन."

तसंच होतं. मी खाली बसले. चार दिवस राहिले होते आणि माझ्याकडची वाक्यं संपली होती. म्हणून मी त्यांनाच विचारलं.

"असं कुठलं काम आहे, ज्यात तुम्ही दुसरीच्या कामाला हात लावत नाही? एकीचं एकीनेच करायचं?"

"नवऱ्याशी भांडन," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्यात बी तुजी सासू येतंच की मदतीला," दुसरी म्हणाली. पाच मिनिटं हसण्यात गेली. भाकरी? नाही, एक थापते, दुसरी भाजते. पाणी भरणं? नाही. गोदामात पॅकिंग? तिथे तर लाइनच असते. मी आशा सोडत होते.

"मोली," हिरा म्हणाली.

"काय?"

"मोली. लाकडाची." ती ओशाळली, पण बोलत राहिली. "डोंगरावर जातो तवा जिची मोली तिनंच बांदायची. दुसरीच्या मोलीत लाकूड न्हाय टाकायचं."

"का?"

"वजन तिच्याच डोक्यावर येतं ना. तिला किती झेपतं ते तिलाच म्हायती."

सगळ्यांनी माना हलवल्या. हे इतकं उघड होतं की त्यांना तो नियम वाटतच नव्हता. घरात सिलिंडर आले तरी भात चुलीवरच होतो, त्यामुळे मोळी सगळ्यांच्याच रोजच्या ओळखीची.

मी आजींकडे वळले. "आजी, हा पेपर म्हणजे लावणी नाही. मोळी आहे."

आजींनी थोडा विचार केला. मग बायकांकडे बघून म्हणाल्या, "आयकलं का गो? माजी मोली मी बांदीन. ल्हान झाली तर ल्हान. कुनी हात लावलान तर मी बोलनार न्हाय तिच्याशी."

ही धमकी माझ्या भाषणापेक्षा चांगली होती. त्या दिवशीच्या सरावात संगीता सोळाव्या प्रश्नापर्यंत गेली. तिने पेपर उलटा ठेवला आणि बाकीच्यांकडे असं पाहिलं, की कुणी काही म्हणतंय का. कुणी म्हटलं नाही.

गुरुवारी सर आले. शर्टाच्या खिशात लाल पेन. मला त्यांनी बाहेर बसवलं. मी ओट्यावर अशा जागी बसले, जिथून खिडकीतून आत दिसतं. नियमात "वर्गाबाहेर" एवढंच लिहिलेलं आहे.

पहिला तास चांगला गेला. पंधरा डोकी खाली. हिरा ओठ हलवत वाचत होती. दीड तासाने संगीताचा पेपर पूर्ण झाला, मग आणखी चौघींचा, मग सातआठ जणींचा. सगळ्यांनी पेपर उलटे ठेवले आणि बसून राहिल्या.

"झालं ना? आणा इकडं," सर म्हणाले.

कुणी उठलं नाही.

"अहो, झालं असेल तर जमा करा आणि घरी जा."

"थांबतो ना सायेब," संगीता म्हणाली. "आजीची मोली व्हायचीय."

"कसली मोळी?"

"आपापली बांदायची. पन डोंगर उतरायचा तो सगल्यांनी एकदम. मागं एकटी ऱ्हायली तर तिची मोली डोक्यावर कोन चढवनार?"

सरांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. हा भाग मला कुणी सांगितला नव्हता. मी दुसरीकडे बघितलं.

कुणी आजींच्या पेपरकडे बघत नव्हतं. एकीने तर मुद्दाम तोंड भिंतीकडे केलं होतं. आजी तेराव्या प्रश्नावर होत्या. त्यात एक छोटा उतारा वाचून उत्तर लिहायचं होतं. त्या एकेका अक्षरावर बोट ठेवत होत्या, पुन्हा मागे जात होत्या. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

दोन तास संपायला चार मिनिटं असताना आजींनी पेन खाली ठेवलं. "येवढंच झेपतं," त्या म्हणाल्या.

मग सगळ्या एकदम उठल्या. सरांपुढे पंधरा पेपर एकाच वेळी आले आणि त्यांतले दोन खाली पडले.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. तेरा पास. हिरा पास, आणि चांगल्या मार्कांनी. संगीता पहिली. बारकीआजी दोन मार्कांनी नापास. पण त्यांच्या पेपरवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच हाताचं अक्षर होतं, मोठं आणि ओळीबाहेर जाणारं. केंद्र राहिलं.

आजींना निकाल सांगताना मी घाबरले होते. त्यांनी मान डोलावली. "वर्ग हाय ना चालू?"

"हो."

"मंग परत बसंन. दोन मार्क म्हंजे एक लाकूड."

महिन्याच्या रिपोर्टमध्ये आमच्याकडे "या महिन्यातील शिकवण" असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा मी तिथे "पालकांशी संपर्क वाढवावा" असं काहीतरी लिहिते. या वेळी मी लावणी आणि मोळीबद्दल पाऊण पान लिहिलं. सरांचा फोन आला.

"मॅडम, ठाण्यात हे कुणाला कळणार नाही. एका ओळीत द्या."

मी एक ओळ दिली. सरांनी ती थोडी बदलली, ठाण्याने आणखी थोडी. आता तालुक्यातल्या आमच्या सगळ्या केंद्रांवर पेपर वाटण्याआधी ती वाचून दाखवतात: "प्रत्येकीने आपला पेपर आपणच लिहावा. लिहून झाल्यावर इतरांसाठी थांबायचे असल्यास शांतपणे थांबावे."

मानकोलीच्या केंद्रावर अजून कुणी थांबलेलं नाही, असं सर सांगतात. पाड्यावर अजून कुणी आधी उठलेलं नाही. आता परीक्षेच्या दिवशी मी त्यानंतर दुसरं काम ठेवत नाही.