दादऱ्याची गाठ

बर्फ बघायला जायचं म्हणून मी कधी म्हटलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही घरात बसून बसून कुढताय, चला." तो, त्याचा नागपूरचा मित्र आणि त्या मित्राची बायको, असे तिघं दरवर्षी हिवाळ्यात डोंगरातल्या एका लाकडी खोपटात जाऊन राहतात. गाडीरस्ता संपला की पुढे दोन तास बर्फातून चालायचं. तिथे वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर. मी चौथी शिकलो, जन्मभर भाजीचा टेम्पो चालवला, आणि या तीन गोष्टी घरात आणायला माझी निम्मी हयात गेली. हे लोक सुट्टी टाकून त्या सोडायला जातात.

मी हो म्हटलं ते लोणच्यामुळे.

इथे अमेरिकेत, सांता क्लारातल्या मुलाच्या घरामागे लिंबाचं झाड आहे. इकडची लिंबं गुळमट, पातळ सालीची. बायको त्यांना नावं ठेवायची, म्हणायची या लिंबांना काही स्वभावच नाही. तरी गेल्या हिवाळ्यात तिने लोणचं घातलं. मधाच्या काचेच्या बाटलीत भरलं, झाकण लावलं, वर आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा दादरा म्हणून घातला आणि त्याच्याच काठाची पट्टी दोन वेढे देऊन बांधली. घट्ट गाठ मारली. मला म्हणाली, वर्ष होऊ दे, तोवर हात लावायचा नाही. महिन्याभरात ती गेली. बाटली ओट्याच्या कोपऱ्यात तशीच राहिली. मी रोज बघायचो, हात लावत नव्हतो. तिच्या हाताने बांधलेलं घरात तेवढंच उरलं होतं. बाकी सगळं सुनेने धुऊन, घड्या घालून देऊन टाकलं.

वर्ष नेमकं त्या सहलीत भरत होतं. मी ठरवलं, बाटली बरोबर घ्यायची आणि ती गाठ आपल्या हाताने सोडायची.

त्या नागपूरच्या मित्राचं खूळ म्हणजे वजन. प्रत्येकाची पिशवी काट्याला टांगून बघणार. त्याने स्वतःच्या दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला होता आणि हे तो अभिमानाने दाखवत होता. ढेरी मात्र पूर्ण बरोबर घेतली होती. तिला काटा लावला नाही. गाड्या लावायच्या जागेवर आम्ही पोचलो. मी तिथल्या संडासाला जाऊन आलो, तोवर यांनी माझी पिशवी बांधून सामानाच्या घसरगाडीवर टाकली होती. मी विचारलं नाही. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून त्या जाळीच्या फळ्या बांधल्या आणि बदकासारखा त्यांच्यामागे चालत राहिलो. वाटेत दर थोड्या वेळाने थांबून फोटो. पांढऱ्यावर पांढरं, त्यात काय काढायचं होतं त्यांनाच ठाऊक.

खोपटात पोचल्यावर चूल पेटली, बर्फ वितळवून पाणी केलं, खिचडी लागली. मी पिशवीत हात घातला तर बाटली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत लोणचं, वरून दाबून हवा काढलेली.

मित्र म्हणाला, "काका, काच कशाला वाहायची, यार? मी पार्किंगलाच ट्रान्सफर केलं. बाटली कचऱ्यात टाकली."

"वरचं कापड?"

"तेही. तेलकट झालं होतं ना."

मी मुलाकडे बघितलं. तो तिथेच उभा होता तेव्हा, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. म्हणाला, "बाबा, कापड होतं ते."

दादरा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी बरणीचा दादरा चोरून सोडला म्हणून आईच्या हातचा मार खाल्लेला पोरगा तो. इकडे येऊन सगळं विसरला, फक्त बर्फात चालायचं शिकला.

त्या कापडात एवढं काय होतं ते मित्र समजून घ्यायला बसला. मी त्याला सांगितलं नाही. ज्याला सांगावं लागतं त्याला सांगून उपयोग नसतो. त्यांनी खिचडीबरोबर लोणचं वाढून घेतलं. तो म्हणाला, काकूंचा हात म्हणजे एक नंबर, आणि पुन्हा घेतलं. त्याच्या बायकोने पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पुढचा घेतला नाही. चौघांत तेवढीच एक शहाणी. मी कोरडी खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं, बाहेर पडता येईना. ते पत्ते खेळले. फोन लागत नाही म्हणून किती शांत वाटतं हे एकमेकांना दिवसभर मोठमोठ्याने सांगत होते. माझ्या डोक्यात तो कचऱ्याचा डबा. कुणी येऊन रिकामा केला तर संपलं. संध्याकाळी मी पिशवीतली एक फोड काढून खाल्ली. चांगली मुरली होती. त्या बिनस्वभावाच्या लिंबांचंसुद्धा तिने चांगलं केलं होतं. हे तिलाच सांगायला हवं होतं, आणि समोर हे बसलेले.

परतलो तेव्हा मी गाडीकडे न जाता डब्याकडे गेलो. लोखंडी डबा, अस्वलाला उघडता येऊ नये असा केलेला. मलाही उघडेना. मित्र लांबून म्हणाला, "काका, सोडा ना, मी नवी बाटली आणून देतो." मी मुलाला म्हटलं, "उघड."

त्याने उघडला. बाही वर करून खांद्यापर्यंत हात घातला, आणि त्या वेळी प्रथमच मला तो तिचा मुलगा वाटला. बाटली वर आली, त्याखाली गोठून लाकूड झालेला हिरवा तुकडा. गाठ सोडलेली नव्हती. एका बाजूने पट्टी चाकूने कापली होती. गाठ सोडायला धीर लागतो, तो त्या माणसाकडे नाही. म्हणून गाठ तशीच राहिली, तिने मारलेली.

मुलगा म्हणाला, बाबा, घरी धुऊन देतो. मी म्हटलं, हात लावू नकोस.

गाडीत मी ती गाठ मुठीत धरून बसलो. हीटर लागल्यावर ती वितळली, तेल बोटांना लागलं, आणि सगळ्या गाडीत लोणच्याचा वास सुटला. मित्राने काच खाली केली. मी ती वर करायला लावली.