रेनोच्या खुर्चीमागची भिंत

एल्वी हेक्किलानं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. हॅनकॉक गावच्या बर्फाळ उतारांवरून, मागे चाळीस पोरं कालवा करत असताना. ती कधी घाबरली नाही. पण त्या सप्टेंबरात आमच्या स्वयंपाकघरात ती कोटही न काढता बसली होती, समोरची कॉफी निवून गेली होती.

"डेल, गॅरेजची भिंत फुगलीय," ती म्हणाली. "आज ओळंबा लावून बघितलं. दीड इंच आत आलीय. जूनमध्ये एक इंच होती."

शेजारचं त्यांचं गॅरेज टेकडीच्या पोटात खोदून बांधलेलं. मागची भिंत पोकळ काँक्रीट ब्लॉकची आणि तिच्यापलीकडे छातीइतकी माती. ती भिंत तिच्या नवऱ्यानं, रेनोनं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी स्वतः उभी केली होती. रेनो गवंडी. गावातली निम्मी धुराडी त्याच्या हातची. आता तो अठ्ठ्याहत्तरचा, आणि दोन वर्षांपासून त्याला काही आठवेनासं झालं होतं. मला तो माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारायचा. घरात त्याला करमत नसे. न्याहारी झाली की गॅरेजात जाऊन त्या भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत जेवणापर्यंत बसून राही.

"मग खुर्ची हलव की."

"चारदा हलवली. तो परत तिथंच नेऊन ठेवतो. म्हणतो, माझी जागा आहे."

मी जाऊन पाहिलं. ब्लॉकच्या खालच्या तीन थरांना, म्हणजे रद्द्यांना, लोणा लागला होता. ब्लॉकचे पापुद्रे बोटानं निघत होते. कमरेच्या उंचीवर सांध्यातून आडवी भेग गेली होती आणि तिच्यात माझी करंगळी जात होती. टेकडीचं पाणी मुरायचं, थंडीत ती ओली माती गोठायची आणि भिंतीला आत ढकलायची. नोव्हेंबरात जमीन पुन्हा गोठणार होती.

"हा हिवाळा ती काढेल असं मला वाटत नाही," मी हळूच म्हणालो.

"म्हणून तर तुझ्याकडे आले."

"काय कुजबुज चाललीय?" रेनो खुर्चीतून ओरडला. "भिंतीला काही धाड भरलेली नाही! मी बांधलीय ती!"

आम्ही आधी आतून जाड लाकडांचे टेकू दिले. मग सगळ्यात खालच्या रद्द्याला ड्रिलनं भोकं पाडली. पहिल्याच भोकातून गढूळ पाणी उसळलं. बारा भोकं पाडली, आणि बाराही दुपारपर्यंत वाहत राहिली. एल्वी दोन पावलं मागे सरली.

"एवढं पाणी पोटात घेऊन उभी होती? आणि हा रोज तिला टेकून बसत होता?"

मेव्हण्याचं छोटं खोदाई यंत्र ऑक्टोबरच्या मध्याला मोकळं झालं, ते आणून मी मागची माती उपसली. पायापर्यंत चर गेला. ढासळू नये म्हणून मातीची कड तिरकी कापायला हवी होती, ते मी दुसऱ्या दिवसावर ढकललं. ती चूक माझीच. त्या दिवसांत रेनोला घरातच बसवलं होतं आणि एल्वी दर दहा मिनिटांनी डोकावून यायची. रेनो आहे ना, बूट घातले नाहीत ना.

तिसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस सुरू झाला. मी ट्रकमधून खडी उतरवत होतो. एल्वी गॅरेजात ब्लॉक मोजत होती. मागे आलो तर रेनो चरात, घरातल्या सपातांवर उभा. भिंतीवर हात फिरवत होता. त्याच्या मागून मातीची ढेकळं सुटून त्याच्या कॉलरमध्ये पडत होती.

"रेनो, वर ये!" मी ओरडलो. त्यानं मानही वळवली नाही.

मी शिडीकडे धावलो. ओरडा ऐकून आलेल्या एल्वीनं माझा दंड धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज अगदी रोजचा.

"रेनो, सिमेंटचा माल पातळ झालाय रे. जरा बघतोस?"

"किती पाणी घातलंस?"

"अख्खी बादली."

"अख्खी बादली! अगं, माल करतेयस की सूप?"

तो पुटपुटत शिडी चढू लागला. पाच पायऱ्या. तिसरीवर थांबला आणि खाली बघत राहिला. एल्वी म्हणाली, "लवकर, घट्ट होतोय."

"पातळ माल घट्ट कसा होईल, बाई?" असं म्हणत तो वर आला. तिनं त्याची बाही मुठीत धरली. आम्ही गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो नाही तोच मागे धप्प आवाज झाला. कड ढासळली होती, चर निम्मा भरला होता. टेकू करकरले, पण टिकले. एल्वीनं रेनोच्या कॉलरमधली माती झटकली.

खरं तर माल कालवलेलाच नव्हता. मी धावत जाऊन घमेल्यात सिमेंट आणि वाळू ओतली, वर अख्खी बादली पाणी. रेनोनं पाहिलं, मला दोन शिव्या हासडल्या आणि थापी मागितली.

कड तिरकी कापून मी माती पुन्हा उपसली. पुढचे नऊ दिवस तो कामावर होता. एका वेळी तीन फूट भाग फोडायचा, कुजलेले ब्लॉक काढायचे, नवे बसवायचे. फोडायला मी, लावायला तो. एल्वी ओळंबा धरायची. काल काय केलं ते त्याला आठवत नसे, पण सांधा एकही वाकडा गेला नाही.

"आधी कोण गवंडी होता इथं?" एकदा त्यानं विचारलं. "बाहेरून डांबर नाही, पाण्याला वाट नाही. गाढव लेकाचा."

"होता एक जण," एल्वी म्हणाली. "दिसायला बरा होता."

"ओळखतेस त्याला?"

"थोडंफार."

ब्लॉकच्या पोकळीत सळया घालून काँक्रीट भरलं, बाहेरून डांबराचा लेप दिला, पायाशी भोकांचा पाइप टाकून वर खडी भरली. शेवटचं फावडं ठेवलं त्याच्या सहाव्या दिवशी जमीन गोठली.

हिवाळाभर एल्वी दर रविवारी भिंत तपासायची. भिंत जागची हलली नव्हती. तरी ती मला बोलवायची, "तूही बघ एकदा." रेनो बाहेर पडला तर कळावं म्हणून घराच्या मागच्या दाराला तिनं घंटी बांधली होती. ती जरा वाजली की बोलता बोलता थांबायची.

एप्रिलात बर्फ वितळायला लागलं, तसं टेकडीचं पाणी पाइपातून खालच्या नाल्यात धो-धो पडू लागलं. गॅरेजची फरशी कोरडी होती. एल्वीनं गुडघ्यांवर बसून दोन्ही तळवे तिच्यावर टेकवले, मग गाल टेकवला. आणि बाहेर रेनो कुठंय, ते बघायला उठली.