दादा, बुवा आणि अर्धवट भजन

दादा गेल्याचं कळवायला मी बुवांना फोन केला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "येतंय. पेटी आणूचंय नाय."

माझा थोरला भाऊ मुलुंडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. बुवा विक्रोळीच्या कारखान्यात होते आणि भजनांना चाली लावायचे. त्यांच्या चालींवर दादा जीव टाकायचा आणि विचारांवर तुटून पडायचा. आम्हा कोकणातल्या माणसांत बाराव्याला भजन ठेवतात, पण मयताच्या घरी पेटी उघडायची नाही, हा बुवांचा हट्ट. ते नुसते येऊन बसायचे. "गाण्यान दुःख जाणा नाय रे मास्तर. झाकता. आणि झाकलेला कुजता." दादा याविरुद्ध वर्षानुवर्षं लेख लिहीत राहिला... सूर दुःखाला आकार देतो, आकार आला की ते पेलता येतं. प्रत्येक लेख बुवांना वाचून दाखवायचा. मी ओरडायचे, "अरे, त्यांना चहा तरी पिऊ दे!"

मग त्याची एकुलती एक मुलगी गेली. मुग्धा, ऐन तिशीत. बाराव्याला बुवा दारात उभे, सोबत अख्खं मंडळ आणि पेटी. दादाच्या लेखांनी त्यांना पटवलं होतं. जन्माचा नेम त्यांनी मोडला होता. त्यांनी मुग्धाच्या आवडीची चाल धरली. दुसऱ्या कडव्यालाच दादा उठला आणि त्याने पेटीच्या भात्यावर हात ठेवला. "बंद करा, बुवा. तुमचंच खरं होतं."

बुवांचं तोंड मला अजून दिसतं. दोघांनाही एकमेकांचं पटलं, आणि दोघांच्याही हाती काही उरलं नाही. पुढे बुवांनी चाल बांधली नाही, दादाने ओळ लिहिली नाही. भेटायचे, क्रिकेटवर बोलायचे. मला दोघांचाही राग यायचा. अजून येतो.

दादाच्या बाराव्याला बुवा रिकाम्या हातांनी आले. जेवणं उरकल्यावर हळूच म्हणाले, "नुसत्या तोंडान म्हणू काय गो?" कुठल्या दादाचं ऐकायचं? लिहिणाऱ्या, की थांबवणाऱ्या? मी "नको" म्हणाले. ते बरोबर केलं असं वाटत नाही. "हो" म्हटलं असतं, तरी वाटलं नसतं.

शेवटची वर्षं कुठून गाणं ऐकू आलं की दादा उठून आपल्या खोलीची खिडकी लावून घ्यायचा. काल खाली कुणाच्या तरी हळदीची गाणी सुरू झाली. मी निवडत होते ती भाजी तशीच टाकून धावत गेले आणि खिडकी लावली. खोलीत कुणीच नव्हतं.