दहा सेकंदांचा आराम

खोड्या काढण्यात अख्ख्या बेसा भागात माझा हात धरणारा कुणी नाही, आणि आजवर मी एकदाही पकडला गेलो नाही. म्हणजे... बायकोनं पकडलं ते सोडा. सुनेनं पकडलं तेही सोडा. दूधवाल्याचं तर नावच नका काढू!

पण यंदा जी जिरली ना माझी, ती ऐकाच. चहा थंड झाला तरी चालेल.

मागच्या वर्षी रामटेकच्या गडावर आमची बुढी, म्हणजे माझी बायको सुमन, अर्ध्या पायऱ्यांवरच बसली. धाप लागली, गुडघे बोलायला लागले. नारळ माझ्या हाती दिला अन् पदरानं डोळे पुसत म्हणाली, "देवाले सांगजा, बुढी खालीच बसली हाय." मी सांगितलं. पण तिच्या मनाला ते लागलं. यंदा कुठं न बसता चढायचंच, असा हेका धरला.

सुनेनं डॉक्टरांना विचारून बुढीच्या मोबाइलात टायमर लावून दिला. शिट्टी वाजली की वीस सेकंद जागच्या जागी धावायचं, घंटी वाजली की चाळीस सेकंद आराम. असे दहा फेरे. रोज सकाळी साडी खोचून, सुनेचे बूट चढवून बुढी गच्चीवर हजर! शिट्टी वाजली की शेजारची कबुतरं पार उडून जायची.

आता अशी आयती शिट्टी घरात आल्यावर माझे हात शांत राहतील? तुम्हीच सांगा! ती आंघोळीला गेली अन् मी आकडे उलटे करून टाकले. धावणं चाळीस, आराम वीस. म्हटलं, उद्या बोंबलत येईल, मग हसू.

बोंबलते कशाची! दोन दिवस गुमान धावली. तिसऱ्या दिवशी घामानं निथळत चटईवर बसली.

"अवो, पहिले तं जमत होतं. आता काहून जमून नाही राहिलं मले? यंदाबी नारळ तुमच्याच हाती द्या लागते वाटते."

काळजात चर्र झालं हो! कबूल करावं? छे! तेवढी हिंमत असती तर चोरून खोड्या कशाला काढल्या असत्या? ठरवलं, गुपचूप होतं तसं करून ठेवू. पण चष्मा सापडेना, आणि इंग्रजी मला बिस्किटाच्या पुड्यापुरतंच वाचता येतं. दाबत गेलो बटणं. दुसऱ्या सकाळी घंटी वाजते न वाजते तोच शिट्टी! धावणं चाळीसच राहिलं होतं, आराम झाला होता दहा.

"अवं, बस कर वं, मरशील!" मी ओरडलो.

"घंटी वाजू द्या, मंग बसतो!"

पण घंटी वाजली तरी तिला बसायला वेळ कुठं होता? रोज ती वर धावायची, अन् मी खाली अपराधी मनानं तर्रीपोहे खायचो. दोन-दोन प्लेटा.

गडाचा दिवस उजाडला. बुढी चटचट वर! अन् मी? तिच्याच मागच्या वर्षीच्या पायरीवर जीभ बाहेर काढून बसलेलो. समोर एक वानर माझ्याकडे असं पाहत होतं, जसं काही मी त्याचीच जागा अडवली.

तासाभरानं बुढी खाली आली, कपाळावर गुलाल, हातात खोबरं.

"दर्शन झालं. पण तुमच्याबिना गोड नाही वाटलं. चाला वर."

त्या खोबऱ्याच्या तुकड्यानं माझा घात केला. तोंडात घास अन् डोळ्यांत पाणी, सगळं ओकलो. चाळीस, वीस, दहा, चष्मा, सगळं.

तिनं हात पदराला पुसले. मग पिशवीतून मोबाइल काढला, काहीतरी दाबलं. घंटी वाजली. मला वाटलं, माफ केलं बुढीनं. मी पाय पसरले, डोळे मिटले...

फुर्र्र्र! शिट्टीनं वानरसुद्धा दचकलं.

"उठा जी! दहा सेकंद झाले. तुमीच तं लावले."